भावाची माफी कापली, फर्लो नाकारली, पण कागद कुठंय?

पत्र लांब आहे, कामापुरतं छाटून देतोय:

"वकीलकाका, माझा धाकटा भाऊ ३०७ मध्ये (खुनाचा प्रयत्न) ७ वर्षांची शिक्षा भोगतोय, ४ झालीत. दिवाळीच्या आधी बराकीत झडती झाली, मोबाईलची बॅटरी आणि चार्जर सापडला, मोबाईल सापडला नाही. जिथं सापडलं तिथं चौघं झोपतात. भावाला दहा दिवस वेगळ्या कोठडीत ठेवलं, दोन महिने मुलाकात आणि फोन बंद केला, आणि महिन्याभराची माफी (चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळणारी सूट) कापली म्हणे. फर्लोचा (जेलमधनं मिळणाऱ्या रजेचा) अर्ज केलेला तोही नामंजूर, वर्तन चांगलं नाही म्हणून. हे सगळं आम्हाला त्याच्या बराकीतनं सुटून आलेल्या एकानं सांगितलं, आणि आता मुलाकात सुरू झाल्यावर भावानं सांगितलं. कागद त्याच्याकडं पण नाही, आमच्याकडं पण नाही. गावातला एक जण म्हणतो पंचवीस हजार द्या, आत सेटिंग लावतो. दीर म्हणतात कैद्याला कसले आलेत हक्क. आई म्हणते तक्रार केली तर त्याला जास्त त्रास देतील. काही करता येतं का, का गप बसायचं? – एक वाचक, जि. सांगली"

ताई, आधी पैशाचं बोलू, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, त्याला नाही. एक रुपया देऊ नका. तो माणूस आत काय लावणार ते त्याचं त्यालाच माहीत, पण उद्या तो पकडला गेला तर भावाच्या नावावर नवीन भानगड आणि तुमच्यावर लाच दिल्याची केस, आणि नाही पकडला गेला तर पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभा, कारण एकदा दिलं की रेट ठरला. नातेवाईकांच्या खिशाकडं बघून आतल्या माणसाला छळायचं हे काही आजचं नाही. १९७९ साली तिहारमधनं सुनील बत्रा नावाच्या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यानं सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःचं गाऱ्हाणं नव्हतं त्यात, दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरनं अमानुष मारलं होतं आणि तेही भेटायला येणाऱ्या नातेवाईकांकडनं पैसे उकळायला, असं त्यात लिहिलेलं. कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं, डॉ. य. शं. चितळे आणि मुकुल मुद्गल या दोन वकिलांना कोर्टाचे मित्र म्हणून नेमलं आणि त्यांना थेट तुरुंगात जाऊन कैद्याला भेटायची, कागद बघायची, साक्षीदारांशी बोलायची परवानगी दिली. एका चिठ्ठीवर हे झालं. त्यामुळं दीर म्हणतात ना कैद्याला कसले हक्क, त्यांना सांगा की याच निकालातनं तुमच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर निघतं.

काय उत्तर निघतं ते सांगतो. शिक्षा झालेला माणूस फिरायचं स्वातंत्र्य गमावतो, पण जगण्याचा हक्क देणारं राज्यघटनेचं २१वं कलम गेटवर जमा करून आत जात नाही. आता कोर्टानं दिलेली शिक्षा ७ वर्षांची. त्या शिक्षेच्या आत जेलनं आणखी एक शिक्षा द्यायची, म्हणजे एकटं कोंडायचं, कष्टाचं काम लावायचं, सवलती काढायच्या, शिक्षा म्हणून लांबच्या जेलला पाठवायचं, तर ते जेलचं स्वतःचं घरगुती प्रकरण राहत नाही. बत्राच्या त्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट लिहिलं की असल्या शिक्षा सेशन्स जज्जच्या, म्हणजे सत्र न्यायाधीशांच्या, नजरेखालनं गेल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आणि अगदीच तातडी असेल, आधी कळवणं अवघड असेल, तर कारवाई केल्यापासून दोन दिवसांत कळवायचं. ही दोन दिवसांची ओळ नीट लक्षात ठेवा, आपल्या सगळ्या प्रकरणाची चावी ती आहे. भावाला दहा दिवस वेगळं ठेवलं, म्हणजे सेशन्स जज्जसाहेबांच्या ऑफिसात कुठंतरी त्याचा कागद गेलेला असायला पाहिजे. गेला असेल तर त्याची प्रत मागायची, आणि गेलाच नसेल तर तुमची निम्मी केस तिथंच उभी राहिली.

आता प्रत्यक्षात काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. निकाल दिल्लीत लागतो आणि बराकीत जुनीच वहिवाट चालते, बऱ्याच ठिकाणी हा कागद पाठवायची पद्धतच पडलेली नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून कुणाचं अडत पण नाही. म्हणून विचारायचं.

त्याच सुमाराचा राजस्थानातला किशोर सिंगचा निकाल आहे. कैद्यांना आठ-आठ, अकरा-अकरा महिने एकटं कोंडलेलं, आणि कारणं काय लिहिलेली तर तुरुंगात रेंगाळत होता, उद्धटपणे वागला, आणि एकानं आपलं हिस्ट्री तिकीट, म्हणजे कैद्याच्या नोंदींचा कागद, फाडलं. कोर्ट चिडलं. असल्या कारणांवर माणूस कोंडता येत नाही, आणि कोंडायचाच असेल तर आधी त्याला विचारा, त्याचं म्हणणं घ्या, असं सांगितलं. तुमच्या भावाच्या बाबतीत मला हेच विचारायचंय. बॅटरी चौघांच्या जागेत सापडली, तर ती याचीच हे कशावरनं ठरवलं? बाकी तिघांना विचारलं का? याचा जबाब घेतला का, घेतला तर त्यावर सही कुणाची? सही याची असेल तर वाचून दाखवून घेतली का कोऱ्यावर? पत्रात यातलं काहीच नाही, आणि मला वाटतं भावालाही धड सांगता येणार नाही, कारण त्याला उभं केलं, दोन प्रश्न विचारले, आणि हिस्ट्री तिकिटावर काहीतरी लिहिलं, एवढंच त्याला आठवत असणार.

पण त्या लिहिण्याला पण कायदा आहे बरं का, आणि तोही इंग्रजांच्या काळातला, १८९४ चा. शिक्षेची नोंद वहीत करायची, गुन्हा काय, तारीख काय, शिक्षा काय, आधीचे किती गुन्हे, आणि गंभीर प्रकार असेल तर ज्यांच्या सांगण्यावरनं सिद्ध झाला त्या साक्षीदारांची नावं, आणि नोंदीवर जेलर आणि सुपरिटेंडंट दोघांच्या सह्या. म्हणजे कागद आहेच. तुमच्या हातात नाही एवढंच. आणि समजा वहीत नोंदच नाही, तर मग माफी कापली कशाच्या आधारावर?

कागदाचं एवढं का लावून धरलंय, तर येरवड्याचीच एक केस सांगतो. होसकोट नावाच्या माणसाला बनावट पदवी प्रमाणपत्राच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टानं ३ वर्षं दिली. निकालाची फुकट प्रत हायकोर्टानं येरवडा जेलला पाठवली. पुढं चार वर्षांनी हा सुप्रीम कोर्टात गेला, उशीर का झाला विचारलं तर म्हणाला मला प्रतच मिळाली नाही. जेलवाले म्हणाले आमच्या कारकुनानं दिली होती, पण राज्यपालांकडं दयेचा अर्ज पाठवायचा होता म्हणून त्याला जोडायला परत घेतली. दिल्याची पोच? नाही. आता खरं कोण बोलतंय हे कसं ठरवणार! गंमत म्हणजे कोर्टानं होसकोटचा अर्ज फेटाळला, त्याच्या पदरात काही पडलं नाही, पण १९७८ च्या त्या निकालात पुढच्या सगळ्या कैद्यांसाठी लिहून ठेवलं की निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, जेलमार्फत दिली तर लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपील करायला वकील परवडत नसेल तर सरकारनं दिला पाहिजे. म्हणून मी म्हणतो, साहेब चुकले का बरोबर हे भांडण नंतर, आधी कागद. कागदाशिवाय तुम्ही हायकोर्टात गेलात तर सरकारी वकील शांतपणे उभा राहून म्हणेल असं काही झालंच नाही, किंवा झालं पण सगळं नियमानं झालं, आणि तुमच्याकडं सुटून आलेल्या एका माणसाच्या सांगण्याशिवाय दाखवायला काही नसेल.

मुलाकातीचं बघू. भेट ही साहेबांच्या मर्जीची गोष्ट आहे असं सगळ्यांना वाटतं. १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलीनच्या निकालात सुप्रीम कोर्टानं घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हे जगण्याच्या हक्कातच धरलंय, आणि महिन्यातनं एकच भेट हा स्थानबद्धांवरचा नियम उडवून लावला. शिस्तीसाठी सवलत काही काळ काढता येते, नाही असं नाही, पण त्याला कारण, मुदत आणि आदेश लागतो. आणि एक लक्षात घ्या, घरच्यांची भेट बंद म्हणजे वकिलाची बंद असा अर्थ होत नाही. त्या दोन महिन्यांत वकील पाठवला असता तर अर्ध्या गोष्टी तेव्हाच लिहून घेता आल्या असत्या. असो, झालं ते झालं, पुन्हा वेळ आली तर हा रस्ता माहीत असू दे.

नियमात नसलेलं बंधन चालत नाही याचं मला फार आवडणारं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जेलमध्ये स्थानबद्ध होते, आत बसून त्यांनी अणूवर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडं पाठवायची परवानगी मागितली. सरकार म्हणालं नाही. का नाही, तर स्थानबद्धाला आम्ही देऊ तेवढ्याच सवलती, पुस्तक पाठवायची सवलत काही आम्ही दिलेली नाही. आधी मुंबई हायकोर्ट आणि मग १९६५ मध्ये सुप्रीम कोर्ट, दोघांनी सांगितलं की उलटं आहे, बंधन घालायचं असेल तर ते नियमात दाखवा, नियमात नसेल तर अडवता येणार नाही. अणूच्या पुस्तकानं कुणाच्या सुरक्षेला काय होणार होतं देव जाणे.

आता फर्लो. इथं मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पॅरोल म्हणजे कागदोपत्री अभिवचन रजा, ती आजारपण, मयत, लग्न अशा कारणासाठी. फर्लो म्हणजे संचित रजा, तिला कारण लागत नाही, लांब शिक्षेतल्या माणसाचं घराशी नातं टिकावं म्हणून ती आहे. पण आपले १९५९ चे फर्लो-पॅरोलचे नियम स्वतःच म्हणतात की हा कैद्याचा कायदेशीर हक्क नाही. हेच नियम गुजरातलाही लागतात, आणि २०२१ मध्ये आसारामचा मुलगा नारायण साई याला गुजरात हायकोर्टानं दिलेली दोन आठवड्यांची फर्लो सुप्रीम कोर्टानं रद्द केली. त्यात जे मुद्दे विरोधात गेले त्यात एक हा होता की त्यानं जेलमध्ये बेकायदा मोबाईल ठेवला होता. म्हणजे मोबाईलचा विषय कोर्ट हलक्यात घेत नाही, तुमचा भाऊ 'नुसता चार्जर तर होता' म्हणाला तरी. पण तिथं मोबाईलची नोंद होती, अधीक्षकाचं लेखी मत होतं. इथं मोबाईल सापडलेला नाही आणि बॅटरी कुणाची हे ठरलेलं दिसत नाही, हा फरक वकिलाला मांडता येईल. हक्क नाही म्हणजे मनाला येईल तसं नाकारायचं असा अर्थ होत नाही, नाकारताना डोकं लावून, कारण देऊन नाकारावं लागतं. 'पोलीस अहवाल प्रतिकूल', 'वर्तन असमाधानकारक' एवढ्या छापील ओळींवर नाकारलेल्या कितीतरी फर्लो मुंबई हायकोर्टानं परत विचार करा म्हणून खाली पाठवल्यात, काही थेट मंजूर पण केल्यात.

म्हणून भावाला एक गोष्ट मुलाकातीत शांतपणे विचारा, आणि खरं सांग म्हणा, बॅटरी तुझी होती का? असेल तर अर्जात 'माझी नव्हती' असं लिहू नका. मग मुद्दा वेगळा घ्यायचा, की पहिलीच चूक आहे, एका चुकीला कोठडी पण, मुलाकात पण, माफी पण आणि वर फर्लो पण, हे जास्त होतंय. वकिलाला सुद्धा खरंच सांगायचं. खोट्यावर उभी केलेली याचिका पहिल्याच तारखेला पडते आणि पुढच्या फर्लोला पण आडवी येते.

आता करायचं काय. भावानं आतनं स्वतः अर्ज द्यायचा, नमुना खाली देतोय. आत घेत नसतील किंवा पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याची सही घेऊन तुम्ही बाहेरनं पाठवा, पोचपावतीसकट स्पीड पोस्टानं, कारण रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलंय, खिडकीवर उगाच वाद घालू नका. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना, जेल ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या, तुमच्या नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं. जो माणूस कोठडीत आहे त्याला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला बिखला काही लागत नाही, तहसीलला हेलपाटे घालू नका. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. आणि एक प्रत प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांना, वरती ठळक एकच प्रश्न, की या शिक्षेची माहिती आपल्याकडे आली होती का.

माहिती अधिकार पण टाकता येईल, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, पण तो भावाच्या नावानं टाका. तुमच्या नावानं टाकलात तर 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून तुमच्याच भावाचा कागद तुम्हाला नाकारतील, हे मी होताना बघितलंय आणि हसावं का रडावं कळत नाही.

फर्लो नामंजुरीचा आदेश हातात आला की आधी पुण्याला कारागृह विभागाच्या वरिष्ठांकडं अपील, आणि तिथंही नाही झालं तर हायकोर्टात फौजदारी रिट. जेल सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यातलं असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच सर्किट बेंच आहे, मुंबईच्या रात्रीच्या गाड्या वाचल्या. पुणं असेल तर मात्र मुंबईच. पैसे नसतील तर भाऊ आतनं पोस्टानं सुद्धा अर्ज पाठवू शकतो, कोर्ट वकील नेमतं, फर्लो-पॅरोलच्या कितीतरी याचिका अशाच पाकिटातनं आलेल्या असतात.

आईंची भीती खोटी नाही, ती मी उडवून लावणार नाही. आत त्रास द्यायचे शंभर प्रकार असतात आणि त्यातला एकही वहीत लिहिला जात नाही. पण अर्जाची भाषा बघा, त्यात कुणाचं नाव नाही, आरोप नाही, नुसत्या प्रती मागितल्यात. असल्या अर्जावर राग काढायला निमित्त कमी मिळतं, आणि सत्र न्यायाधीशांकडं प्रत गेली आहे हे कळल्यावर हात लावणारा दोनदा विचार करतो. तरी पुढच्या मुलाकातीला भावाचं तोंड, हात, चालणं नीट बघून घ्या, काही दिसलं तर त्याच दिवशी प्राधिकरणाला लेखी कळवून मेडिकल तपासणी मागा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि अचानक लांबच्या जेलला बदली झाली तर ती पण शिक्षेसारखीच आहे असं म्हणता येतं, बत्राच्या यादीत तीही आहे. फेसबुकवर मात्र आत्ताच काही टाकू नका, तुमच्या पोस्टमधली एखादी चुकीची तारीख उद्या तुमच्याच विरोधात वाचून दाखवतील.

हा नमुना, भावाच्या अक्षरात लिहिला तर उत्तम:

"मा. अधीक्षक साहेब, मी सिद्धदोष बंदी क्रमांक ____ विनंती करतो की, दिनांक ____ रोजीच्या झडतीवरून मला दिलेल्या शिक्षेच्या आदेशाची प्रत, शिक्षा नोंदवहीतील माझ्या नोंदीची प्रत, साक्षीदारांची नावे, माझा जबाब घेतला असल्यास त्याची प्रत, तसेच याबाबत मा. सत्र न्यायाधीशांना कळविले असल्यास त्या पत्राची प्रत मिळावी. माझी किती दिवसांची माफी कमी केली व त्यामुळे माझ्या सुटकेची तारीख आता कोणती, हे लेखी कळवावे. माझा संचित रजेचा अर्ज नामंजूर केल्याचा आदेश व त्यासाठी मागविलेला पोलीस अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात. या अर्जाची पोच मिळावी."

सुटकेची तारीख विचारायला विसरू नका, माफीचा हिशोब ३ वर्षांनी काढायला गेलात तर तेव्हाचे साहेब बदललेले असतात आणि वही सापडत नाही. अर्जाच्या तीन झेरॉक्स काढा, पोस्टाच्या पावत्या एका फाईलला लावा, आणि उत्तर काय आलं ते मला पाठवा, नाही आलं तरी महिन्याभरानं कळवा, मग रिटचं बघू. फोटो पाठवाल तेव्हा भावाचा बंदी क्रमांक तेवढा झाकून पाठवा.